चैत्राची चित्रा : एक नाव, दोन तेजे

चैत्र शुद्ध पौर्णिमेची पहाट. मारुतीच्या देवळात समया उजळलेल्या, सभामंडपात आबालवृद्ध दाटीवाटीने बसलेले, आणि कीर्तनकार अंजनीसुताच्या जन्माचे आख्यान लावून सूर्योदयाची वाट पाहत उभा. सूर्याची कोर क्षितिजावर येताच टाळांचा गजर व्हावा, फुले उधळली जावीत, पाळण्याची दोरी ओढली जावी आणि सुंठवडा हाती पडावा, हा आपल्या गावोगावचा परिपाठ. त्या घटकेला सर्वांची दृष्टी पूर्वेकडे लागलेली असते. आज आम्ही वाचकांना विनंती करणार आहोत ती ही की, पूर्वेकडे तांबडे फुटण्यापूर्वी एकदा मागे वळून पश्चिमेकडेही पाहावे. तेथे पौर्णिमेचा चंद्र मावळतीला टेकलेला असतो, आणि त्याच्या आसपास निळसर शुभ्र तेजाची एक तारका असते. तिचे नाव चित्रा. या महिन्याला चैत्र हे नाव मिळाले ते तिच्यामुळे.

बालहनुमानाला उगवते सूर्यबिंब लाल फळासारखे दिसले आणि ते तोडावयास त्याने उड्डाण केले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि कौतुकाने हसतो. परंतु आकाशाकडे पाहताना आपण सारेच त्या बाळासारखे असतो. डोळ्यांना जे फळ दिसते ते फळ नसते. चित्रेच्या बाबतीतही तेच आहे. डोळ्यांना ती एक दिसते, प्रत्यक्षात ती एक नाही. ती दोन सूर्यांची जोडी आहे. हे मनुष्याला कसे कळले आणि कळल्यावर आपण श्रद्धावंतांनी त्याचे काय करावे, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

शास्त्रातील चित्रा

पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राशी युक्त असतो त्यावरून मासाचे नाव सिद्ध होते, असा नियम पाणिनींनी आपल्या व्याकरणात सांगितला आहे. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, ज्येष्ठेवरून ज्येष्ठ. प्रत्येक वर्षी पौर्णिमा नेमकी चित्रेवरच येते असे नाही, कधी ती हस्तात तर कधी स्वातीत पडते. पण नाव चित्रेचेच राहिले. या नक्षत्राची देवता त्वष्टा, म्हणजे देवांचा शिल्पी, रूपे घडविणारा कारागीर. शेतकऱ्याला तर चित्रा दुसऱ्याही नात्याने ठाऊक आहे. चैत्रात पूर्ण चंद्र जिच्याजवळ असतो, तिच्याच स्थानी सहा महिन्यांनी, आश्विनाच्या सुमारास, सूर्य येतो, आणि तेव्हा पडणाऱ्या पावसाला तो चित्रा नक्षत्राचा पाऊस म्हणतो.

पंचांगगणिताला तर चित्रेचा फार मोठा आधार आहे. सूर्यसिद्धान्तात तिचा ध्रुवक बरोबर १८० अंश दिला आहे, म्हणजे राशिचक्राच्या आरंभबिंदूच्या थेट समोर. चित्रेच्या समोरचा बिंदू तोच मेषारंभ, असे मानणारा तो चित्रापक्ष. आपल्या महाराष्ट्रात व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्षाचा पुरस्कार केला, तर टिळक पंचांगाने रेवतीच्या ताऱ्यावरून गणित करणारा रैवतपक्ष धरला. या दोन पक्षांमुळे काही वर्षी अधिकमासही वेगळे आले आणि घराघरांत वाद झाले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या तिच्या अहवालाने निरयन गणनेसाठी चित्रापक्षच स्वीकारला. आज आपल्या घरातील बहुतेक पंचांगांची निरयन गणना चित्रेच्या या एका खुंटीला टांगलेली आहे.

आमची एक चूक

येथे आमची एक चूक वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी चैत्रोत्सवातील कीर्तनात, पूर्वरंग रंगला असताना, आम्ही उत्साहाच्या भरात सांगून गेलो की, चित्रा ही जोडतारा आहे हे आमच्या ऋषींना सहस्रावधी वर्षांपूर्वीच ठाऊक होते. टाळ्या पडल्या. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध बाई नमस्कारासाठी पुढे आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नमस्कार करून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “बुवा, याला आधार कोणत्या ग्रंथाचा?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या रात्री घरी येऊन पोथ्या काढल्या. आधार तर मिळाला नाहीच, उलट व्याकरणाने आमचाच कान धरला. पुनर्वसू हे नाम संस्कृतात द्विवचनी, कारण तेथे दोन तारे डोळ्यांना दिसतात. विशाखाही द्विवचनी. वेदांत मात्र ही दोन्ही नामे एकवचनीही चालतात, हे सांगण्यासाठी पाणिनींनी स्वतंत्र सूत्रे रचली. कृत्तिकांचा पुंजका, म्हणून ते नाम बहुवचनी. इतकी काटेकोर दृष्टी असलेल्या परंपरेने चित्रा मात्र एकवचनी ठेवली. कारण डोळ्यांना ती एकच दिसते, आणि आमच्या पूर्वजांनी जे पाहिले तेच लिहिले. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगण्याचा दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावरून आम्ही ती चूक कबूल केली. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत, पण मनावरचे ओझे उतरले. आणि मग जे खरोखर कळले आहे ते कसे कळले, याचा शोध घेण्याची ओढ लागली.

निळ्या तेजाचा अर्थ

लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहिलेल्या माणसास रंग आणि उष्णता यांचे नाते शिकवावे लागत नाही. लोखंड आधी तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि अति तापले की पांढरे. भट्टी तेथे थांबते, परंतु निसर्ग थांबत नाही. त्याहून पुष्कळ अधिक तापलेली वस्तू निळसर तेजाने झळकते. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० अंश केल्विन आहे. चित्रेतील मोठ्या ताऱ्याचे सुमारे २५,००० आणि लहान ताऱ्याचे सुमारे २१,००० अंश भरते. त्वष्ट्याच्या नक्षत्रात अशी भट्टी पेटलेली असावी हा केवळ योग आहे. त्यातून आम्ही काही सिद्ध करू पाहत नाही, पण मनाला तो सुखावतो खरा.

धूर आणि अग्नी

आता मुख्य प्रश्न. जे डोळ्यांना एक दिसते, ते दोन आहेत हे कसे कळले?

न्यायशास्त्र सांगते की, प्रत्यक्ष जेथे पोचत नाही तेथे अनुमान पोचते. डोंगरावर धूर दिसला की अग्नी न दिसताही तो आहे हे आपण जाणतो. धूर हे लिंग, म्हणजे खूण. चित्रेच्या बाबतीत ही खूण प्रकाशातच दडलेली होती. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की इंद्रधनुष्यासारखा वर्णपट पसरतो, आणि त्या पट्ट्यात जागोजाग बारीक काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या वातावरणातील हायड्रोजन, हेलियम आदी मूलद्रव्यांच्या त्या स्वाक्षऱ्या होत. आता रेल्वेच्या फाटकाशी उभे राहून आठवावे. गाडी शिट्टी देत आपल्याकडे येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा लागतो आणि ती पुढे निघून जाताच उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे, हे तत्त्व डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. तारा आपल्याकडे येत असला तर त्या रेषा वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असला तर तांबड्या टोकाकडे.

१८९० साली जर्मनीतील पॉट्सडाम वेधशाळेत हेर्मान फोगेल या ज्योतिर्विदाने चित्रेच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. रेषा एका जागी स्थिर नव्हत्या. त्या इकडून तिकडे जात, पुन्हा परत येत, आणि सुमारे चार दिवसांनी तोच क्रम चालू होई. कोणताही तारा आपण होऊन असे हेलकावे घेत नाही. कोणीतरी दुसरा त्याला ओढत आहे, आणि दोघे एका समान केंद्राभोवती फेर धरीत आहेत, हाच त्याचा अर्थ. धूर सापडला, अग्नी कळला. पुढे अधिक चांगल्या साधनांनी दुसऱ्या ताऱ्याच्या रेषाही मिळाल्या. एकाच्या रेषा जांभळ्याकडे गेल्या की दुसऱ्याच्या तांबड्याकडे जातात. फुगडीत एकीचे तोंड आपल्याकडे असले की दुसरीची पाठ असते, तसेच हे.

आपल्या वधूवरांना ज्या वसिष्ठ-अरुंधतीचे दर्शन घडवितात, त्यांतील वसिष्ठाच्या ताऱ्याविषयीही याच रीतीने १८८९ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे असाच शोध लागला होता. डोळ्यांना दिसणारी अरुंधती वेगळी. वसिष्ठाचा तारा स्वतःच आतून जोडीचा निघाला.

दोन सूर्यांचा संसार

रेषांच्या सरकण्यावरून वेग मिळतो, वेग आणि काळ यांवरून कक्षा मिळते, आणि कक्षेवरून वस्तुमान. अनेक पिढ्यांच्या निरीक्षणांतून जे चित्र तयार झाले ते असे. मोठा तारा आपल्या सूर्याच्या सुमारे ११ पट वस्तुमानाचा, लहान तारा सुमारे ७ पट. मोठ्या ताऱ्याचा व्यास सूर्याच्या सात पटींहून अधिक, आणि त्याचे एकूण तेज सुमारे २० हजार सूर्यांइतके. दोघांमधील सरासरी अंतर सुमारे दोन कोटी किलोमीटर. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर आहे आणि बुधही सूर्यापासून जवळजवळ सहा कोटी किलोमीटर दूर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही जवळीक ध्यानी येईल. एवढे प्रचंड दोन गोळे एकमेकांभोवती अवघ्या चार दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करतात.

इतक्या निकट सहवासाने दोघांचेही रूप बदलले आहे. परस्परांच्या ओढीने ते पूर्ण गोल न राहता किंचित अंडाकृती झाले आहेत. फिरताना कधी त्यांची रुंद बाजू आपल्याकडे येते, कधी निमुळती, आणि त्यामुळे चित्रेचे तेज किंचित कमीजास्त होत राहते. हा फरक इतका सूक्ष्म की डोळ्यांना कळत नाही, प्रकाश मोजणाऱ्या यंत्रांना कळतो. ही दुसरी खूण, आणि तिचाही काळ तोच चार दिवसांचा.

दोन आरशांनी पाहिलेली जोडी

कोणी म्हणेल, एखाद्या मोठ्या दुर्बिणीतून हे दोन तारे वेगळे का दिसू नयेत? त्यांच्यातील अंतर आपल्याला किती लहान भासते, ते पाहावे. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे काश्मीरच्या उत्तर टोकाला ठेवावे आणि ते कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरून पाहावे, इतका तो कोन सूक्ष्म आहे.

हा कोन मोजण्याचे काम ऑस्ट्रेलियात नॅराब्राय या गावाजवळ झाले. ते करणारे रॉबर्ट हॅन्बरी ब्राउन हे १९१६ साली आपल्याच निलगिरीतील अरुवनकाडू येथे जन्मले होते, आणि १९८५ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले तेव्हा संघाचे अध्यक्षही तेच होते. नॅराब्राय येथे त्यांनी सुमारे १८८ मीटर व्यासाचा वर्तुळाकार लोहमार्ग घातला आणि त्यावर दोन प्रचंड आरसे चढविले. प्रत्येक आरसा २५२ लहान षट्कोनी आरशांचा बनलेला. दोन्ही आरशांत एकाच ताऱ्याचा प्रकाश घ्यावयाचा आणि त्या प्रकाशातील सूक्ष्म थरथर दोहींकडे कितपत जुळते हे पाहावयाचे. दिंडीतले दोन टाळकरी खांद्याला खांदा लावून चालतात तेव्हा त्यांचा ताल जुळतो, अंतर वाढले की विस्कटू लागतो. तसेच आरसे जवळ असताना ही थरथर जुळते, दूर नेले की जुळणी कमी होते. ती कोणत्या अंतरावर किती कमी झाली, यावरून ताऱ्याचा आकार आणि जोडीतील अंतर यांचा हिशेब लागतो. ही पद्धती अति तप्त, निळ्या ताऱ्यांवरच नीट चालत असे. चित्रेचे निळेपण येथे उपयोगी पडले.

चित्रेच्या या अभ्यासाचा निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाला. वर्णपटावरून कक्षेचा खरा आकार किलोमीटरांत कळला होता, आता तो आपल्याला किती भासतो हेही कळले. देवळापुढच्या दीपमाळेची खरी उंची ठाऊक असेल आणि दुरून ती केवढी दिसते हे मोजता आले, तर आपण किती दूर उभे आहोत हे सांगता येते. त्याच न्यायाने चित्रेचे अंतर निघाले सुमारे २७५ प्रकाशवर्षे. पुढे १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाने अगदी निराळ्या रीतीने हेच अंतर मोजले, ते सुमारे २५० प्रकाशवर्षे भरले. दोन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष इतकी जवळ यावी, यास शास्त्रात संवाद म्हणतात. म्हणजे आज चैत्रात जो किरण आपल्या अंगणात उतरतो, तो चित्रेहून निघाला तेव्हा महाराष्ट्रात पेशवाई होती.

हिप्पार्कस हे नाव ग्रीक ज्योतिर्विदाचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने चित्रेचे स्थान मोजले आणि सुमारे दीडशे वर्षांपूर्वी टिमोकारिसने नोंदलेल्या स्थानाशी ते ताडून पाहिले. दोहोंत सुमारे दोन अंशांचा फरक निघाला. त्यावरून संपातबिंदू हळूहळू सरकतो, हे त्याने ओळखले. आपण ज्याला अयनचलन म्हणतो ते हेच. सुमारे ७२ वर्षांत एक अंश, अशी त्याची गती. ज्या अयनचलनामुळे सायन आणि निरयन हा भेद उत्पन्न झाला, ते मनुष्याला उमगण्यासही चित्राच साक्षी होती.

स्पंदन आणि परावर्तन

आणखी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की, यांतील मोठा तारा सुमारे चार तास दहा मिनिटांच्या तालाने स्पंदन पावतो आहे आणि त्याबरोबर त्याचे तेज लवलवते आहे. पुढील काही वर्षांत तेजाचे ते लवलवणे मंदावत जाऊन दिसेनासे झाले. ज्या वेळी कोणी पाहत होते त्या वेळी ते नोंदले गेले. न पाहते तर कायमचे निसटले असते.

दुसरी गोष्ट २०१९ सालची. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अत्यंत सूक्ष्म उपकरणाने चित्रेच्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनांची दिशा, मोजले. त्यांना दिसले की, या दोन ताऱ्यांपैकी प्रत्येकाच्या पृष्ठभागावरून दुसऱ्याच्या प्रकाशाचा अल्पसा अंश परावर्तित होऊन आपल्याकडे येत आहे. जे स्वतः सहस्र सूर्यांसारखे तेजस्वी, तेही सोबत्याचे तेज अंगावर घेऊन थोडे परत देतात. ही आणखी एक खूण, आणि तिनेही सांगितले तेच. दोघे आहेत.

डोळस नमस्कार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्रा दोन ताऱ्यांची निघाली म्हणून आपला चैत्र उणा झाला काय? मुळीच नाही. संकल्पात आपण नक्षत्राचा उच्चार करतो तो देश, काल आणि सृष्टी यांच्या साक्षीने कर्म करावे म्हणून. साक्षीदाराचे खरे रूप कळल्याने साक्ष दुबळी होत नाही. उणेपण येते ते दुसऱ्याच गोष्टीने. मुखाने चित्रा म्हणावे आणि जन्मात एकदाही मान वर करून तिला पाहू नये, हे उणेपण. आणि पूर्वजांनी जे म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घालावे, हे त्याहून मोठे. त्यांचा खरा वारसा आहे तो रोज रात्री आकाश पाहून जसे दिसले तसे लिहिण्याचा. तो वारसा पॉट्सडामच्या काचेवर आणि नॅराब्रायच्या लोहमार्गावर चालविला गेला असेल, तर आपण तो परका का मानावा?

म्हणून सुज्ञ वाचकहो, या चैत्रात एवढे करावे. रात्री आठ-नऊच्या सुमारास मुलाबाळांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जावे. उत्तरेकडील सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवीत न्यावी. प्रथम नारिंगी स्वाती लागेल, तीच कमान आणखी पुढे नेली की आग्नेयेस निळसर चित्रा. स्वातीचा आणि चित्रेचा रंग मुलांना ताडून पाहू द्यावा. भट्टीची गोष्ट सांगावी, रेल्वेच्या शिट्टीची सांगावी. आणि मुलाने विचारले की, “आजोबा, हे आपल्या पोथीत आहे का?” तर खरे उत्तर द्यावे : “बाळा, पोथीत नाव आहे. बाकीचे माणसांनी पुढे शोधले. अजून पुष्कळ शोधावयाचे आहे, ते तू शोध.”

हनुमंताला वाल्मीकींनी बलवान तर म्हटलेच, पण त्याच्या वाणीची स्तुती श्रीरामाच्या मुखाने केली आहे ती तिच्यात एकही अपशब्द नव्हता म्हणून. चैत्र पौर्णिमेस त्या वाणीचा लहानसा अंश आम्हां बोलणाऱ्यांस लाभो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.